श्रुती-पेटीचे वारस

महाराष्ट्रातल्या संगणक-संगीताचा इतिहास सांगायची वेळ आली की सांगणारे बहुधा १९८०च्या दशकातल्या मुंबईपासून आरंभ करतात. नरिमन पॉइंटच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये, म्हणजे एनसीपीएत, गायकाच्या स्वराची चाल रेखाटून दाखवणारे यंत्र आले, त्याच्याभोवती देशी-परदेशी अभ्यासक जमले आणि राग डोळ्यांना दिसू लागला. तिथून आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत सरळ रस्ता आखून दिला की इतिहास पुरा झाला. आम्हांला हा आरंभच नामंजूर आहे. तो सोयीचा आहे, कारण त्यात यंत्र नवे दिसते, हेतू निर्मळ दिसतो आणि जुने हिशेब चुकते करावे लागत नाहीत. खरा आरंभ त्याच्या सत्तर वर्षे आधीचा आहे, आणि तो मुंबईत नव्हे, आमच्या सांगली-मिरजेच्या टापूत झालेला आहे.

कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. १९१० साली पुण्याहून त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले : ‘द हिंदू म्युझिकल स्केल अँड द ट्वेंटी-टू श्रुतीज’. प्राचीन ग्रंथांतल्या बावीस श्रुती ही कल्पना नव्हे, त्यांना निश्चित गणिती गुणोत्तरे आहेत आणि आजचा उत्तम गवय्या त्याच श्रुती गातो, असा त्यांचा दावा होता. या दाव्याला आधार म्हणून एक गळा लागत होता. तो त्यांना मिळाला उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा. खाँसाहेबांनी गावे, देवलांनी तारेच्या लांबीशी आणि कंपनसंख्येशी ताडून पाहावे, अशी ही जोडी. पुढे आय.सी.एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स देवलांना येऊन मिळाले. १९१३ मध्ये क्लेमेंट्स यांचे ‘इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन म्युझिक’ प्रसिद्ध झाले, त्याला आनंद कुमारस्वामींचे प्रास्ताविक होते. या दोघांच्या पुढाकाराने जी संस्था उभी राहिली ती फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया. पश्चिम भारतापुरती मर्यादा नावातच घालून घेतलेल्या या प्रादेशिक संस्थेने व्याख्याने आणि पुस्तिका यांच्या जोडीला एका यंत्राचाही पुरस्कार केला. ते यंत्र म्हणजे बावीस श्रुती वाजवू शकणारी, लंडनहून बनवून आणलेली श्रुती-पेटी.

पेटी म्हणजे संगणक नव्हे, हे आम्हांला कळते. पण संगणक-संगीत म्हणजे तरी काय? ध्वनीचा आकडा करायचा, आकड्यांचे कोष्टक मांडायचे आणि त्या कोष्टकातून पुन्हा ध्वनी काढायचा. या तिन्ही पायऱ्या देवल-क्लेमेंट्स यांनी ओळीने चढलेल्या आहेत. मध्ये वीज नव्हती, भाता होता, एवढाच काय तो फरक. त्यांचा काळच तसा होता. हेल्महोल्ट्झचा ध्वनिशास्त्रावरचा ग्रंथ एलिसच्या १८७५ सालच्या इंग्रजी भाषांतरामुळे सर्वत्र पोहोचला होता, आणि त्याच एलिसने सप्तकाचे १२०० सेंट पाडून जगातल्या कुठल्याही स्वराला पट्टी लावायची सोय करून ठेवली होती. या पट्टीवर ५:४ या गुणोत्तराचा शुद्ध गंधार ३८६ सेंटवर येतो, तर बाजारातल्या समान अंतराच्या पेटीचा गंधार ४००वर. हा चौदा सेंटचा फरक कानाला बोचतो, ही देवलांची तक्रार अगदी खरी होती. पेटी बदलली पाहिजे हे त्यांचे म्हणणेही रास्त होते. गफलत त्यापुढची आहे. वाईट पेटीच्या जागी चांगली पेटी आणताना त्यांनी पेटीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उचलून न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवले. गवयाच्या गळ्यातून काढलेले कोष्टक एकदा पक्के झाले की त्यानंतर गवयानेच कोष्टकाबरहुकूम गावे, असा त्याचा अर्थ झाला.

बडोद्याला १९१६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे हा वाद चव्हाट्यावर आला. भातखंडे आणि त्यांच्या बाजूच्या मंडळींनी श्रुती-पेटीचा दावा मानला नाही. प्राचीन श्रुतींवर आजच्या रागांची उभारणी करता येत नाही, हे भातखंड्यांचे मत, आणि त्यांनी आपली पद्धती बारा स्वर आणि दहा थाट यांवर रचली. मराठीत या प्रसंगाचा उल्लेख झालाच तर भातखंड्यांच्या चरित्रातले एक पान म्हणून होतो. देवल हे त्या पानावरचे हरलेले प्रतिपक्षी आणि खाँसाहेब ही किराणा घराण्याच्या प्रकरणातली वेगळी नोंद. ज्या गळ्यावर हा सगळा डोलारा उभा होता त्याचे या मापनाबद्दल काय म्हणणे होते, त्याने कोणती बेरीज स्वीकारली आणि कोणती झिडकारली, हे विचारण्याची गरज ना जिंकलेल्यांना वाटली, ना हरलेल्यांना. आमचा मुख्य आक्षेप हा आहे, आणि तो शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांवर जितका आहे त्याहून जास्त आज त्यांचा वारसा न ओळखता चालवणाऱ्यांवर आहे.

या वारसांचे दोन तट आहेत. पहिला तट अभिमान्यांचा. बावीस श्रुती म्हणजे आमच्या ऋषींनी कंपनसंख्या मोजल्याचा पुरावा, असे ते सभासंमेलनांतून सांगतात. त्यांनी निदान नाट्यशास्त्र उघडून पाहावे. भरताने श्रुती सिद्ध केली आहे ती दोन वीणांवर, एक ध्रुव आणि एक चल. चल वीणा पायरीपायरीने उतरवत न्यायची. दुसऱ्या सारणेत तिचे गांधार आणि निषाद ध्रुव वीणेच्या ऋषभ-धैवतात मिळतात, तिसरीत ऋषभ-धैवत हे षड्ज-पंचमात मिळतात, आणि चौथीत उरलेले तीन स्वर आपापल्या खालच्या स्वरात मिळतात. मिळाले की नाही हे कोण ठरवणार? कान. सबंध प्रक्रियेत कंपनांचा आकडा कुठेही नाही. ही ऐकण्याची रीत आहे, आणि रीत म्हणून ती फार सुंदर आहे. तिला आकड्यांची वस्त्रे नेसवून प्रयोगशाळेत उभे करणे हा तिचा गौरव नाही. जुन्या श्रुतिविचाराला धरून नवी वाद्ये घडवणाऱ्यांबद्दल आमची तक्रार नाही, ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांची बावीस श्रुतींची हार्मोनियम ही तर देवलांच्या हट्टाची आपल्या काळातली पुढची पायरी आहे. वाद्य ऐकावे आणि आवडले तर घ्यावे. त्याला शास्त्रवचनाचे शिक्कामोर्तब कशाला?

दुसरा तट यंत्रद्वेष्ट्यांचा. यंत्र आले की कला गेली, अशी यांची साधीसोपी श्रद्धा. याच श्रद्धेपोटी आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला आपल्या दारात उभे केले नाही, आणि त्या तीसएक वर्षांत मैफलींतली पेटी मात्र बिनघोर वाजत राहिली. या मंडळींचा ढोंगीपणा पाहायचा असेल तर कुठल्याही संगीतवर्गात जावे. इलेक्ट्रॉनिक तानपुरा सुरू करून, किंवा हल्ली मोबाइलमधला तानपुरा लावून, गुरुजी यंत्राच्या दुष्परिणामांवर बोलत असतात. मिरजेत दीडशेहून अधिक वर्षे तानपुरे घडताहेत. पंढरपूरकडच्या भोपळ्यांतून भला भोपळा निवडण्यापासून घोडीवर जवारी काढण्यापर्यंतचे सगळे काम तिथले कारागीर नजरेने आणि कानाने करतात. तार आणि घोडी यांच्यामधला दोरा केसभर सरकला की तानपुऱ्याचा बोल उमलतो किंवा मिटतो. वक्र घोडीमुळे तारेतून एरवी न उमटणारे उपस्वर कसे उमटतात याकडे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ सालीच लक्ष वेधले होते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हांला आनंद आहे. पण मानांकनाने गावाचे नाव राखले जाते. जवारी काढणारा कान ऐकतो काय, हे मात्र त्या कानाबरोबरच जाते. हे ज्ञान नोंदवायला यंत्र लागेल, चांगले यंत्र लागेल, आणि ते कारागिराच्या शेजारी बसून वापरावे लागेल. यंत्रद्वेष्टे ते होऊ देणार नाहीत आणि अभिमान्यांना कारागिरात रस नाही.

आता मुंबईकडे वळू. एनसीपीएतले काम आम्ही कमी लेखत नाही. उलट देवलांनी जे झाकून टाकले होते ते तिथे उघडे पडले. त्याआधीच, १९६३ साली, जयराजभॉय आणि स्टोन यांनी मापन करून दाखवले होते की आजचे कलावंत स्वरांतरे एका ठरीव कोष्टकाप्रमाणे घेत नाहीत. एकाच रागातला गंधार कलावंतागणिक हलतो, कधी एकाच वादनातही हलतो. एनसीपीएत बर्नार्ड बेल, विम व्हान डर मीर आणि त्यांचे सहकारी यांनी वापरलेल्या यंत्राचे नावच बोलके होते : मेलोडिक मूव्हमेंट अॅनलायझर. ठिपक्यांऐवजी हालचाल मोजायची. दरबारीतला आंदोलित कोमल गंधार एका आकड्यात बसत नाही, कारण तो एका जागी उभाच राहत नाही; त्याचे असणे त्याच्या झोक्यात आहे. पुढे व्हान डर मीर आणि सुवर्णलता राव यांनी रागांचे आलेख ध्वनीबरोबर सरकताना दिसतील अशी रचना केली. त्यासाठी अॅम्स्टरडॅममध्ये बोलण्याच्या अभ्यासासाठी तयार झालेली ‘प्रात’ ही प्रणाली उपयोगी पडली. त्यानंतर २०११ ते २०१७ या काळात बार्सिलोनाच्या झेवियर सेरा यांच्या नेतृत्वाखाली कॉम्पम्युझिक हा मोठा युरोपीय प्रकल्प झाला, त्यात मुंबईची आणि मद्रासची आयआयटी सहभागी होती. ही कामे शास्त्र म्हणून देवलांच्या फार पुढची आहेत. परंतु गवयाचे स्थान? तो या बहुतेक कामांत नमुना देणारा आहे. आदराने नाव छापले जाते, ऋणनिर्देश होतो. पण आलेख चुकला आहे असे म्हणण्याचा आणि त्याप्रमाणे आलेख बदलून घेण्याचा अधिकार त्याच्याकडे आल्याचे सहसा दिसत नाही.

दुसरी रीत शक्य होती, आणि ती प्रत्यक्ष घडलीही आहे. त्याच बर्नार्ड बेल यांनी १९८०च्या दशकात जिम किपेन यांच्यासह ‘बोल प्रोसेसर’ नावाची संगणक-प्रणाली तयार केली. किपेन लखनौला उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. कायद्याच्या विस्ताराचे नियम संगणकाला शिकवायचे, संगणकाने त्या नियमांवरून नवे पलटे काढायचे आणि ते उस्तादांपुढे ठेवायचे. उस्ताद म्हणणार : हा चालेल, हा नाही, हा व्याकरणाने बरोबर आहे पण असे कोणी वाजवत नाही. मग नियम दुरुस्त व्हायचे आणि यंत्राने पुन्हा परीक्षेला बसायचे. इथे यंत्र शागीर्द आहे आणि चुकण्याची पाळी त्याची आहे. भाषेच्या विद्यार्थ्यांना यातली गंमत लगेच कळेल, कारण व्याकरण आणि प्रयोग यांचा हाच तंटा आपण पाणिनीपासून ऐकत आलो आहोत. मराठीच्या वर्गात रूपनिर्मितीचे नियम शिकवताना या उदाहरणाइतके स्वच्छ दुसरे उदाहरण आम्हांला तरी ठाऊक नाही.

याच धाग्याने आपण आमच्या विषयाच्या दाराशी येऊन पोहोचतो. पुण्याच्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेत गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे जे अवाढव्य काम उभे केले, त्याची संगणकीय रचना आणि ध्वनिमुद्रणाचा मोठा भाग बेल यांच्याच हातचा. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावे, शंभर तासांपेक्षा जास्त ध्वनिमुद्रण. प्वातवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. २०१७ पासून ‘पारी’ने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने, या ओव्या ध्वनीसकट लोकांसमोर आणायला सुरुवात केली. तिथली कुठलीही नोंद उघडा : गाणारीचे नाव, तिचे गाव, तालुका, तिचा व्यवसाय. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’बद्दल आम्हांला अपार आदर आहे, परंतु त्यात ओवी विषयवार लावलेली आहे आणि ती म्हणणारी बाई कोण, हे वाचकाला कळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मराठीच्या विभागांनी हीच रीत आदर्श मानली. ओवी छापली, तिच्यातल्या प्रतिमा मोजल्या, सासर-माहेर अशी प्रकरणे पाडली. तिचा गळा मात्र ‘लोकगळा’ म्हणून सोडून दिला. अशोक दा. रानड्यांचे ‘लोकसंगीतशास्त्र’ १९७५ सालचे आहे. किती मराठी विभागांत ते नेमले गेले? लोकसाहित्याचा पेपर तर जवळजवळ सगळीकडे आहे. चाल हा संगीताचा प्रांत आणि शब्द हा आपला, ही वाटणी कोणी केली ते आम्हांला माहीत नाही, पण तिचा लाभ झाला तो आळसाला.

हा सगळा जुना हिशेब आज उकरण्याचे कारण साधे आहे. गळ्याचा आकडा करण्याचे काम आता कोणा निवृत्त डेप्युटी कलेक्टरच्या हौसेवर अवलंबून राहिलेले नाही. थोडे ध्वनिमुद्रण हाती असले की यंत्र तो आवाज उचलते आणि न गायलेले गाणे गाऊन दाखवते. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा नकलेला अंतरिम मनाई केली. २०२५ मध्ये त्याच न्यायालयात सांगली संस्थानात जन्मलेल्या आशा भोसले यांना आपल्याच आवाजाच्या रक्षणासाठी दाद मागावी लागली, आणि ती मिळाली. ज्यांना वकील करता येतो त्यांचे ठीक आहे. अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. त्यांच्या त्या दशकातल्या ध्वनिमुद्रिकांवरचा साठ वर्षांचा स्वामित्वहक्क केव्हाच सरला आहे. त्या ध्वनिमुद्रिका कोणत्याही यंत्राला चारता येतील, आणि त्यांतून निघालेल्या ‘किराणा’ आवाजाला विचारणारे कोणी असणार नाही. देवलांनी त्यांच्या गळ्याचे कोष्टक केले, तेव्हा निदान खाँसाहेब समोर बसलेले होते. जात्यावरच्या बाईची स्थिती याहून अवघड. तिचे नाव नोंदीत आहे, पण नोंदीतल्या नावाला नकार देण्याची सोय नाही.

यावर ‘कायदा करा’ एवढे म्हणून आमचे समाधान होत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा हक्क आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात आला, पण तो सादरीकरणापुरता आहे. गळ्याचे वळण हे सादरीकरण की भाषा की स्वभाव, हे ठरवायला शब्द लागतात, आणि ते शब्द न्यायालय स्वतः घडवत नाही. आसपासच्या विचारातून उचलते. तो विचार मराठीत कुठे आहे? देवल-क्लेमेंट्स यांचे लेखन इंग्रजीत, एनसीपीएचे इंग्रजीत, बोल प्रोसेसरचे इंग्रजी-फ्रेंचमध्ये, कॉम्पम्युझिकचे इंग्रजीत. ज्यांच्या गळ्यावर आणि हातावर हे शास्त्र उभे राहिले त्यांपैकी किती जण ते वाचू शकले असते? वाईला विश्वकोशाचे कार्यालय, महाबळेश्वर तालुक्यात भिलारला २०१७ पासून पुस्तकांचे गाव, महाबळेश्वरलाच २००९ साली भरलेले साहित्य संमेलन (ते तुकारामांवरच्या कादंबरीच्या वादात संमेलनाध्यक्षांविनाच पार पडले, असो) : या डोंगराच्या एका उतारावर मराठी शब्दाची एवढी बडदास्त आहे, आणि दिवसभराच्या अंतरावर मिरजेत, जिथे शब्दाला सूर लावणारी वाद्ये घडतात, तिथल्या कानाची मराठीत नोंद करणारे एक टेबलसुद्धा नाही. भिलारच्या घराघरांत कविता आहे, कादंबरी आहे, संतसाहित्य आहे. तिथेच एका घरात ऐकायची सोय करायला काय हरकत आहे? ओव्यांचे ध्वनिमुद्रण आज कुणालाही ऐकता येते. खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका मोकळ्या आहेत. देवलांचे पुस्तकही स्वामित्वहक्काबाहेर गेलेले आहे. त्याचा सटीप मराठी अनुवाद हा एखाद्या एम.ए.च्या विद्यार्थ्याचा दोन सत्रांचा प्रकल्प होऊ शकतो, आणि सत्रापुरत्या वर्तमानपत्री कात्रणांच्या प्रकल्पापेक्षा तो नक्कीच बरा.

आणखी एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. मिरजेच्या मिरासाहेब दर्ग्यात, जिथे खाँसाहेबांची कबर आहे, उरुसाच्या निमित्ताने त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. गाणारे येतात, तानपुरे घडवणारे समोर बसलेले असतात. त्या सभेनंतर एका दिवसासाठी स्वरालेख काढणारा संगणक तिथे मांडावा. गाणाऱ्याने आपला आलेख पाहावा आणि कुठे यंत्राचे चुकले ते सांगावे. जवारी काढणाऱ्याने त्याच तानपुऱ्यावर दोरा सरकवून आलेखात काय बदलले ते आपल्या शब्दांत बोलावे. मराठीच्या विद्यार्थ्यांनी ते शब्द जसेच्या तसे उतरून घ्यावेत. ‘बोल उघडला’, ‘आवाज बसला’, ‘जवार बंद आहे’ असल्या बोलींतून जी परिभाषा निघेल ती कोणत्याही कोशात आज नाही. उतरून घेतलेल्या प्रत्येक वाक्यापुढे बोलणाऱ्याचे नाव लिहावे आणि ते वाक्य पुढे कुठल्या यंत्राला द्यायचे की नाही, हे त्याच कागदावर, त्याच्याच सहीने विचारून घ्यावे.